नऊ भावंडं आणि एक ताई

मैत्रिणींनो, दिवाळी तोंडावर आली की चकली का विरघळते आणि अनारसे का हसतात या पत्रांच्या जोडीला सहलीची पत्रंही यायला लागतात. यंदा डोंबिवलीच्या एका वाचक भगिनीनं फार नेमकी अडचण लिहून पाठवली आहे. भाऊबीज झाली की सासर-माहेर दोन्हीकडची मंडळी मिळून तीन दिवस लोणावळ्याला जाणार आहेत. बंगला ठरला आहे. मुलं नऊ. थोरली पुतणी सोळा वर्षांची, धाकटा भाचा चार वर्षांचा आणि मधे सगळ्या वयांचा भरणा. मागच्या खेपेला मोठी मुलं दार लावून आत बसली, मधली भांडली आणि धाकटी दाराबाहेर रडली, असं त्या लिहितात. यंदा सगळ्यांना एकत्र कसं ठेवायचं?

चुलत, आते, मामे, मावस असे चार वेगळे शब्द आपल्याकडे आहेत, पण घरात आपण सगळ्यांना भावंडंच म्हणतो. पूर्वी आजोळी पंधरा-पंधरा मुलं महिनाभर असायची. भांडण व्हायला आणि ते आपोआप मिटायलाही वेळ असायचा. आता घरटी एक, फार तर दोन मुलं. भावंड म्हणून जे काही असेल ते या तीन दिवसांतच व्हायचं. त्यामुळे या बाईंची काळजी मला मुळीच किरकोळ वाटत नाही.

मात्र नऊच्या नऊ मुलांना सकाळपासून रात्रीपर्यंत एकत्र ठेवायचा हट्ट आधी सोडा बघू. चार वर्षांच्या पायांनी सोळा वर्षांची मुलगी चालली तर ती कंटाळणार, आणि तिच्या पायांनी तो चालला तर तुमच्या कडेवर येणार. दिवसातून एक गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची, मधला वेळ वयाप्रमाणे पांगायचं आणि संध्याकाळी पुन्हा एका सतरंजीवर यायचं. एवढं ठरवलंत तरी निम्मी भांडणं होणार नाहीत.

आपल्या खेळांत याची सोय किती छान होती पाहा. लहानग्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही, तो बाद झाला तरी बाद नाही. तो म्हणजे ‘कच्चं लिंबू’! खेळ मोठ्यांचाच राहायचा आणि धाकटंही आत असायचं. सहलीतही चार-पाच वर्षांची मुलं अशी कच्ची लिंबं म्हणून राहू देत. घोळ होतो तो सात-आठ वर्षांच्या मुलांचा. त्यांना कच्चं लिंबू म्हटलेलं खपत नाही आणि पक्क्या खेळात ती पुरी पडत नाहीत. दार लावून घेण्याचा राग सगळ्यांत जास्त त्यांनाच येतो. त्यांना एखादं खरं काम द्या, पण नावापुरतं नको. घाटातून गाडी येताना बोगदे मोजून वहीत लिहायचं काम द्या. कल्याणहून येताना कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, ती किती आणि पुढे कुठे सुटतात तेही त्यांनीच पाहायचं. १८६३ साली सुरू झालेला हा घाटाचा लोहमार्ग आहे, आजोबांनी त्याची चार वाक्यं सांगितली तर मोठी मुलंही कान देतात. बोगद्यांचा आकडा आधी कुणी सांगू नये, मजा जाते.

आता सगळ्यांनी मिळून जायचं कुठे? माझं मत भाज्याच्या लेण्यांना. लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेल्या लोकलचं पहिलंच स्टेशन मळवली, तिथून भाजे गाव जवळच. पुण्याकडची मंडळी लोकलनं परस्पर मळवलीला उतरली तर तिथेच गाठ पडते. (दुपारच्या वेळी लोकल फार कमी असतात, वेळापत्रक आधी पाहून ठेवा.) गावातून पायऱ्या चढायला लागतात, पण चार वर्षांचं मूल थांबत थांबत चढू शकतं. कार्ल्याचं चैत्यगृह जास्त भव्य, यात शंका नाही. त्याच्या छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षं टिकून आहेत. पण तिथे शेजारीच एकवीरा आईचं देऊळ, त्यामुळे सुट्टीत गर्दी इतकी की नऊ मुलांचे नऊ हात धरताना लेणं पाहायचं राहूनच जातं. भाज्याला तुलनेनं मोकळं असतं.

शिवाय भाज्याला प्रत्येक वयाला काहीतरी आहे. धाकट्यांना स्तूप मोजायला द्या, एका ठिकाणी मिळून चौदा आहेत. मधल्यांना सांगा, शेवटच्या बाजूच्या विहारात एक बाई तबल्यासारखी जोडी वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे, ती शोधून काढा. मोठ्यांना चैत्यगृहाचे खांब आत कललेले का आहेत हा विचार करू दे. लाकडी बांधकामाची सवय असलेल्या कारागिरांनी दगडातही तेच कोरलं, हे त्यांना आपलं आपण सुचलं तर फारच छान. आणि एक गंमत. तिथे पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं, पण पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते माफ आहे. तुमच्या सोळा वर्षांच्या पुतणीला मोठ्या माणसांबरोबर तिकीट काढावं लागेल. ते तिच्या हातात द्या. या वयाला अशा गोष्टींचं अप्रूप असतं, वरवर ती दाखवणार नाही.

दुसऱ्या दिवशी खुशाल पांगा. दहाच्या वरच्या मुलांना घेऊन दोन मामा किंवा काका पहाटे लोहगडाला जाऊ देत. २०२५ साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत पायऱ्यांनी वर जायचं आणि पलीकडे लांबच लांब विंचूकाटा. लहानांना नेत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्यांना बंगल्याच्या आवारात माती, पाणी आणि एक आजी पुरते. संध्याकाळी मोठ्यांनी येऊन गड सांगायचा, धाकट्यांनी उशांचा गड करायचा.

आता ज्या कारणासाठी मी हे पत्र निवडलं ते सांगते. त्यात एक वाक्य सहज लिहून गेलंय, की थोरली पुतणी समजूतदार आहे, ती धाकट्यांना सांभाळते म्हणून मोठ्यांना जरा निवांतपणा मिळतो. बाई गं! नऊ भावंडांच्या सहलीतली सर्वांत एकटी मुलगी ती हीच. ‘ताई, त्याला शू लागलीय.’ ‘ताई, हिचा बूट घाल.’ ‘ताईला विचारा, ताई देईल.’ मुलगे तिच्याच वयाचे असले तरी त्यांना कुणी हाक मारत नाही. ते क्रिकेट खेळत असतात, त्यांचा खेळ कसा मोडायचा? मागच्या खेपेला ती दार लावून बसली असेल तर मला त्यात उर्मटपणा दिसत नाही. ती थकली असेल.

आपणही मुली असताना हेच केलं, त्यात काय बिघडलं, असं काही जणी म्हणतील. बिघडलं की! कितीजणींना आजोळच्या आठवणी म्हणजे कडेवरचं मूल आणि उष्टी ताटं एवढ्याच आहेत, ते एकमेकींना विचारून पाहा. धाकट्यांवर माया असायला हवी असेल तर ती माया कामगिरी म्हणून अंगावर टाकू नये. ताईला तिच्या मनानं लहानग्याला गोष्ट सांगावीशी वाटली पाहिजे. त्यासाठी तिला आधी मोकळं करा. तीन दिवसांतला एक अख्खा दिवस तिला कुणीही हाक मारायची नाही, हे सगळ्यांसमोर सांगा आणि पाळा. लोहगडाचा दिवस त्याला उत्तम. राहिलेल्या कामांची वाटणी मुलामुलींत सारखी. चौदा वर्षांचा दादा पानं मांडू शकतो, धाकट्याला आंघोळ घालू शकतो आणि अंथरुणंही घालू शकतो. तो नाही म्हणाला तर त्याच्या आईनं बोलायचं, काकूनं नाही. जावा-नणंदांत या कारणानं कुरबुर नको.

बारा-तेरा वर्षांच्या मुलींचीही एक आठवण करून देते. पाळी घरापासून दूरच पहिल्यांदा येते असा काही नियम नाही, पण येऊ शकते. पॅडचं पाकीट कुठे ठेवलंय हे अशा प्रत्येक मुलीला निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. रात्री अंथरुणं एका ओळीत घातली तरी कपडे बदलायला मुलींना एक खोली वेगळी द्या.

पाण्याचं मात्र मी मुलांवर सोडत नाही. तिथे ताई नाही आणि दादाही नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, एक बाई आणि चार मुलं. ओढ्याच्या मधोमध ती एकमेकांना घट्ट धरून उभी होती. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी मिनिटांत वाढतं आणि मग हात धरून काही उपयोग होत नाही. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीनं कोसळला, त्यात चार जण गेले. या दोन्ही गोष्टी पावसाळ्यातल्या, तुम्ही दिवाळीनंतर जाताय, हे खरं. पण तेव्हा पवनेचं धरण भरलेलं असतं. काठ शांत दिसतो आणि दोन पावलांवर तळ खाली जातो. भाड्याच्या बंगल्यांना हल्ली पोहण्याचा तलावही असतो, आणि लहान मूल बुडताना आवाज करत नाही.

म्हणून पोहोचल्यावर बॅगा उघडण्याआधी तलावाला फाटक आहे का, कुलूप लागतं का ते पाहा. पाण्याजवळ जाताना दोन लहान मुलांमागे एक मोठं माणूस, तेही नाव घेऊन ठरवा: या दोघांना तुम्ही, त्या दोघांना मी. ‘सगळे आहेतच की’ म्हटलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा पाहतोय. ज्याची पाळी असेल त्यानं त्या अर्ध्या तासात फोन खिशात ठेवायचा आणि पत्तेही खेळायचे नाहीत. पावसाळ्यातच जाणार असाल तर धबधब्याखाली मुलांना नेऊच नका, लांबून दाखवा. त्या दिवसांत बंदीचे हुकूम निघतात, ते आपल्याला सोडून इतरांसाठी नसतात.

स्वयंपाकाचं फार वाढवू नका. मावळात जाताय तर इंद्रायणी तांदूळ तिथेच घ्या. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातच तो तयार झाला. वासाचा, मऊ आणि जरा चिकट भात होतो, त्यामुळे मसालेभाताच्या वाटेला जाऊ नका. धाकट्यांना तूप-मेतकूट घालून आणि मोठ्यांना पिठल्याबरोबर, एकाच पातेल्यात नऊ जणांचं भागतं. पानं मात्र सगळ्या मुलांची एका पंगतीत मांडा. आधी लहान, मग मोठी असं केलंत की पुन्हा दोन तट पडले.

जेवणानंतर एक तास सगळ्यांचा. फोन एका परातीत गोळा करायचे, मोठ्यांचेही, नाहीतर मुलं ऐकणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच असेल. बदाम सात हा या तासाचा उत्तम खेळ. चार वर्षांच्या मुलालाही बदाम ओळखता येतं, त्याला मोठ्याच्या मांडीवर बसवून जोडीनं पानं खेळू द्या. मेंढीकोट मोठ्यांनी धाकटी झोपल्यावर खेळावा. भेंड्यांत मराठी-हिंदीचा वाद होतो, तो होऊ द्या. दहा वाजता धाकटी झोपायला गेली की पुढचा वेळ मोठ्यांचा. तेव्हा आपण डोकावायचं नाही. दार लावलं तरी चालेल, दिवसभर ती सगळ्यांची होती.

परतीच्या दिवशी चिक्कीचं भांडण ठरलेलं. वयाप्रमाणे कमीजास्त न देता नऊ जणांना सारखेच पैसे द्या आणि दुकानात प्रत्येकाला आपापलं पाकीट निवडू द्या. चार वर्षांचा गुलाबी कागद पाहून घेईल, घेऊ दे. फक्त पाकिटं कर्जत येईपर्यंत फोडू देऊ नका, घाटात गाडी लागणारं एक तरी मूल नऊ जणांत निघतंच. आवळासुपारी आणि दोन रिकाम्या पिशव्या वरच्याच कप्प्यात ठेवा.