पीटीचा तास पावसात वाहून जाऊ देऊ नका

त्र्यंबकला पाऊस लागला की ब्रह्मगिरी ढगात जातो, तो दिवसदिवस दिसत नाही. शाळेच्या मैदानात चिखल होतो आणि पीटीचा तास गणिताला नाहीतर इंग्रजीला जातो. ऐन वाढीच्या वयातली मुलं मग चार महिने नुसती वाकून बसतात. आधी वर्गात, मग शिकवणीत, मग घरी मोबाइलवर.

परवा शाळा सुटल्यावर कुशावर्ताजवळ एक मुलगा दिसला, पाचवी-सहावीतला. दप्तर एकाच खांद्यावर, वरून रेनकोट, मान पुढे काढलेली. मागून आई म्हणाली, "ताठ चाल रे!" चार पावलं ताठ चालला, पुन्हा वाकला. त्याची तरी काय चूक? पाठीत जोरच नसेल तर पोर ताठ राहील कशावर?

हा जोर पीटीच्या तासात येतो, आणि त्याला मैदान लागत नाही. शाळेचा वऱ्हांडा पुरतो. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवून कुल्ले, पाठ आणि डोकं भिंतीला टेकवून उभं करा. हात भिंतीला घासत वर न्यायला सांगा. कितीतरी मुलांची कंबर लगेच सुटते. कुठे कमी पडतंय ते तिथेच कळतं. मग सतरंजीवर पालथं झोपून छाती उचलायची, आणि सूर्यनमस्कार. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, त्याला ना साहित्य लागलं ना खर्च. मात्र सर, शंभराचा आकडा गाठायची घाई नको. दहाच घाला, पण पाठ बघत घाला.

वर्षातून एकदा मुलांना पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढे वाकायला लावा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर आलेली दिसली तर व्यायामावर भागवू नका, पालकांना सांगून अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवा. दहा ते चौदा वर्षांच्या मुलींकडे जास्त लक्ष द्या.

पालकहो, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको, असं सरकारनं २०१५ सालीच ठरवून दिलंय. तीस किलोच्या पोराला तीन किलो. आज रात्री वाण्याच्या काट्यावर तोलून बघा. दोन्ही पट्टे खांद्यांवर घ्यायला लावा.

आपल्याच तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटर धावून रौप्यपदक घेऊन आली, त्याचा आपल्याला केवढा अभिमान! मग येत्या पालकसभेत एवढं विचाराच: या आठवड्यात पीटीचे किती तास झाले, आणि कुठे?