विकूनही न विकलेला संघ

खेळाचे संघ विकले-घेतले जातात त्याबद्दल चार शब्द बोलायला जावं, तर समोरून ठरलेलं उत्तर येतं. भाटकाराचें भाट, ताणें विकलें, तुजें कितें गेलें? हे उत्तर मला पटत नाही. का पटत नाही ते सांगायला शिकागो कब्स या बेसबॉल संघाच्या विक्रीचं उदाहरण घेतो. बेसबॉल आपल्याकडे जवळजवळ कोणी खेळत नाही, त्यामुळे एखाद्या क्लबाची बाजू घेतल्याचा आरोप तरी माझ्यावर येणार नाही.

२ एप्रिल २००७ रोजी जाहीर झालं की हा संघ विकायचा आहे. विक्री पुरी झाली २७ ऑक्टोबर २००९ रोजी. अडीच वर्षांहून जास्त काळ, खेळाचे तीन मोसम. सरकारी खात्यात इतकी वर्षं कारकुनी केल्यावर मला एक गोष्ट पक्की कळलेली आहे: फाइल उगाच पडून राहत नाही. ती पडून राहते तेव्हा कोणाची तरी सोय होत असते. कब्सची फाइल कोणाच्या सोयीसाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली, ते बघण्यासारखं आहे.

आधी संघाची ओळख. १८७६ साली नॅशनल लीग सुरू झाली तेव्हापासून शिकागोचा हा संघ तिच्यात आहे. १९०८ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली आणि मग शंभर वर्षं उलटून गेली तरी पुन्हा नाही. मैदान रिग्ली फील्ड, १९१४ साली बांधलेलं, भोवती राहती वस्ती, आतल्या भिंतीवर १९३७ पासून वेली चढवलेल्या. बाकी सगळीकडे रात्रीचे सामने रुळून गेले तरी इथे दिवे लागले ते ऑगस्ट १९८८ मध्ये. तोवर घरच्या मैदानावर सगळा खेळ उन्हातच. सामने डब्ल्यूजीएन या वाहिनीवर १९४८ पासून दिसत. अँटेना लावला की झालं, वेगळे पैसे नाहीत. हरणाऱ्या संघाला अशी माणसं पिढ्यानपिढ्या धरून राहिली. माझ्या मते संघाची खरी मिळकत हीच. खेळाडू येतात-जातात, मॅनेजर बदलतात. किंमत येते ती या चिवट माणसांमुळे.

च्युइंगगमवाल्या रिग्ली कुटुंबानं हा संघ १९८१ मध्ये ट्रिब्यून कंपनीला विकला. मैदानासकट किंमत २ कोटी ५ लाख डॉलर. ट्रिब्यून म्हणजे 'शिकागो ट्रिब्यून' हे वर्तमानपत्र काढणारी कंपनी, डब्ल्यूजीएनही तिचीच. (ही अक्षरं 'वर्ल्ड्स ग्रेटेस्ट न्यूजपेपर' या शब्दांची आद्याक्षरं. नम्रता हा त्या घराण्याचा गुण कधीच नव्हता.) वर्तमानपत्र, वाहिनी आणि संघ एकाच खिशात! तरी पंचवीसेक वर्षं चाललं.

२००७ मध्ये सॅम झेल आला. जमीनजुमल्याचा व्यापारी, बुडत्या मालमत्ता स्वस्तात उचलण्यात हयात गेलेली, आणि स्वतःला कौतुकानं 'थडग्यांवर नाचणारा' म्हणवून घेणारा. कंपनीचा सौदा ८२० कोटी डॉलरचा. त्यात झेलचे स्वतःचे फक्त ३१ कोटी ५० लाख. बाकी कर्ज. डिसेंबर २००७ मध्ये सौदा पुरा झाला तेव्हा कंपनीच्या डोक्यावर सुमारे १३०० कोटींचं ओझं होतं. आणि मालकी कोणाच्या नावे? कर्मचाऱ्यांच्या! ईसॉप नावाची एक योजना असते, तिच्या ट्रस्टकडे कंपनीचे सगळे शेअर गेले. बातमीदार, छापखान्यातले कामगार, जाहिरात विभागातले कारकून असे हजारो लोक रातोरात मालक झाले. कंपनी त्यांची, म्हणजे कागदोपत्री कब्ससुद्धा त्यांचा.

हे वाचून पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं. मग पुढचं वाचलं. या मालकांना सौद्यावर मत नव्हतं. पुढे कंपनीच्या ४० टक्के हिश्श्यावर हक्क सांगायची सोय झेलनं मात्र आधीच लिहून घेतली होती. आमच्यासारख्या कारकुनाला हा प्रकार लगेच कळेल. समजा उद्या कोणी आम्हाला सांगितलं, की तुमच्या फंडातल्या वर्गणीच्या बदल्यात तुम्हाला ऑफिसच्या इमारतीचे मालक केलं आहे; इमारतीवर डोंगराएवढं कर्ज आहे, ते तुमच्याच नावे; ती विकायची की ठेवायची हे तुम्हाला विचारणार नाही; आणि हो, अभिनंदन. असल्या मालकीला आपल्याकडे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा मालकांच्या नावावरचा संघ झेल विकायला निघाला. सरळ विकता आला असता. गिऱ्हाईकं रांगेत होती, डॅलसच्या बास्केटबॉल संघाचा मालक मार्क क्यूबनसुद्धा त्यांच्यात होता. पण आधी झेलला मैदान वेगळं विकायचं होतं, तेही राज्य सरकारच्या क्रीडा प्राधिकरणाला. २००८ सालातले कितीतरी महिने त्या वाटाघाटीत गेले आणि ते फिसकटलं. मधेच त्यानं मैदानाचं नावही विकायची भाषा केली, त्यावर शिकागोत गदारोळ उठला. ८ डिसेंबर २००८ रोजी ट्रिब्यून कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. सौदा होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी, ९ डिसेंबरला, इलिनॉय राज्याचा गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच याला अटक झाली. त्याच्यावर बराक ओबामांची रिकामी झालेली सेनेटची जागा विकायला काढल्याचा आरोप होता, तो सगळ्या जगानं वाचला. त्याच तक्रारीत दुसराही एक आरोप होता: रिग्ली फील्डच्या व्यवहारात राज्याची मदत हवी असेल, तर ट्रिब्यूननं आपल्यावर टीका करणारे अग्रलेखवाले कामावरून काढावेत, असा दबाव आणण्याचा त्यानं घाट घातला. कोणाला काढलं गेलं नाही, आणि पुढे त्याला शिक्षा झाली ती इतर प्रकरणांत. पण वर्तमानपत्राच्या मालकाचं मैदान सरकारच्या मेहेरबानीवर विकायला ठेवलं, की संपादकाच्या खुर्चीचाही भाव कोणीतरी विचारणारच. "खाजगी व्यवहार आहे" म्हणणाऱ्यांनी यावर जरा बोलावं.

आता विलंबाचं सगळ्यात मोठं कारण. कर. २ कोटींना घेतलेली वस्तू ८४ कोटी ५० लाखांना जाते (त्यात मैदान आणि एका क्रीडावाहिनीचा पाव हिस्सा धरून), तर नफ्यावर कर भरावा लागणार. तो वाचवायचा म्हणून विक्रीला विक्री म्हणायचंच नाही, असं ठरलं. एक नवी भागीदारी उभी करायची. ट्रिब्यूननं तिच्यात संघ घालायचा, ओमाहाच्या रिकेट्स कुटुंबानं पैसे घालायचे. मग त्या भागीदारीनं मोठं कर्ज काढायचं आणि कर्जाची रक्कम ट्रिब्यूनच्या हातावर ठेवायची. रिकेट्सकडे ९५ टक्के, ट्रिब्यूनकडे शेपटीसारखे ५ टक्के. कागदावर ट्रिब्यून अजून भागीदार, मग विक्री कुठे झाली? 'न्यूजडे' हे दैनिकही २००८ मध्ये असंच दुसऱ्याच्या हाती दिलं होतं, तिथे शेपूट ३ टक्क्यांची.

ही शेपटी जपण्यासाठी वकील महिनेन् महिने बसले. रिकेट्स कुटुंबाची निवड जानेवारी २००९ मध्येच झाली होती. करारावर सही ऑगस्टमध्ये. ऑक्टोबरमध्ये तर खुद्द कब्सचाच दिवाळखोरीचा अर्ज कोर्टात गेला, काही दिवसांपुरता, म्हणजे ट्रिब्यूनच्या देणेकऱ्यांना नंतर संघावर हात टाकता येऊ नये. चांगला चालता संघ, तिकिटं हातोहात खपताहेत, २००७ आणि २००८ दोन्ही वर्षी गटात पहिला आलेला, आणि त्याला कागदावर दिवाळखोर करायचं!

या सगळ्यात गॅलरीत बसणारा माणूस कुठे होता? तिकीट काढत होता. त्याला विचारायची पद्धतच नाही. नवा मालक चालेल की नाही हे ठरवतात लीगमधले बाकीचे संघमालक, मत देऊन. म्हणजे भाट कोणाला विकायचं ते शेजारचे भाटकार ठरवणार. आपल्याकडे १९७५ चा मुंडकार कायदा आहे. भाट विकलं म्हणून मुंडकाराला हुसकता येत नाही, राहतं घर विकत घ्यायचा हक्क त्याला आहे. मामलेदाराच्या कोर्टातल्या तारखांची रड वेगळी, पण पिढ्यानपिढ्या राहिल्यानं माणसाचा काही हक्क तयार होतो एवढं तरी कायद्यानं मानलं. शिकागोच्या चार पिढ्यांच्या वाट्याला तेवढंही नाही. आणि आपण तरी कुठे वेगळे? २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा फातोर्ड्याच्या गॅलरीतल्या माणसाला कोणी विचारलं होतं?

"पण रिकेट्स आले आणि २०१६ मध्ये कब्स जिंकले ना!" जिंकले. १०८ वर्षांनी जिंकले, आणि ते लोक रस्त्यावर येऊन रडले ते मी बघितलं तेव्हा माझ्याही घशात काहीतरी झालं. रिकेट्स कुटुंबानं माणसं चांगली नेमली, त्याचं श्रेय त्यांना. पण तेच मालक २०२० मध्ये स्वतःची पैसे भरून बघायची वाहिनी घेऊन आले आणि १९४८ पासूनचं डब्ल्यूजीएनवरचं फुकटचं दर्शन २०१९ च्या मोसमाबरोबर संपलं. चांगला भाटकार मिळाला हे नशीब झालं. त्याला हक्क म्हणत नाहीत.

दुसरा मार्ग नाही, हेही खरं नाही. अमेरिकी फुटबॉलमधला ग्रीन बे पॅकर्स हा संघ १९२३ पासून गावच्या भागधारकांचा आहे आणि लहानशा गावात राहून तगला आहे. जर्मनीत फुटबॉल क्लबांचा सर्वसाधारण नियम असा की मतांचं बहुमत सभासदांच्या हाती राहिलं पाहिजे. बेसबॉलमध्येही संधी आली होती. जोन क्रॉक या बाईंना आपला सान दिएगो पाद्रेस संघ शहराला दान करायचा होता. फुकट! बाकीच्या मालकांनी ते होऊ दिलं नाही. बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांना फुकट मिळालेली वस्तू मात्र शहराच्या हाती बघवली नाही. तेव्हा निदान एवढी मागणी करायला हरकत नसावी: संघ विकायला निघाला, की त्यातला काही हिस्सा आधी मोसमाचं तिकीट घेणाऱ्यांना देऊ करावा, आणि मैदान, नाव, प्रक्षेपण यांबद्दल त्यांचं मत घेतल्याशिवाय कागद पुढे सरकू नये.

आता त्या फाइलीचं काय झालं तेवढं सांगतो. ५ टक्क्यांची शेपटी २०१९ मध्ये कापली गेली. ट्रिब्यूनचा उरलेला हिस्साही कब्सच्या मालकांकडे गेला. करखात्याचं म्हणणं होतं की ही सरळसरळ विक्रीच. २०२१ मध्ये टॅक्स कोर्टानं एका लहान कर्जापुरतं कंपनीचं म्हणणं नाकारलं, पण मोठ्या कर्जाच्या बाबतीत मान्य केलं, म्हणजे फायद्याचा मोठा भाग कंपनीच्या पदरात. कागदावरच्या मालकांचा, त्या कर्मचाऱ्यांचा, ईसॉपवरचा दावा त्याच्या दहा वर्षं आधी, २०११ मध्ये, तडजोडीनं मिटला होता. ३ कोटी २० लाख डॉलर, हजारो जणांत मिळून.