घरातली हवा बांधावर राखावी लागते



दर वेळी या पानावर मी लागणीतलं अंतर, खोडव्याची खतं, हुमणीचा बंदोबस्त असे विषय मांडत असतो. आज थोडा सरीबाहेरचा विषय घेतला आहे. विषय घरातल्या हवेचा आहे. पण त्याचं मूळ आपल्याच बांधावर असल्यामुळे तो शेती खात्याचाच आहे, असं माझं मत आहे.

माझी धाकटी मुलगी दहा वर्षांची आहे. आषाढ सरत आला, की तिला सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागायची. नाक वाहायचं, डोळे लाल व्हायचे, रात्री छातीत घरघर. आम्ही तिचं दही बंद केलं, गार पाणी बंद केलं, खिडक्या लावून घेतल्या. फरक पडेना. अखेर तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून औषध दिलं आणि मला विचारलं, "साहेब, घराभोवती काय काय उगवतं?"

ऊस विकास अधिकाऱ्याला हा प्रश्न दुसऱ्यानं विचारावा, याची मला लाज वाटली. घरामागच्या मोकळ्या जागेत कमरेएवढं गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरलेलं होतं. शिवाय दिवसभर गटातले प्लॉट फिरून मी घरी आलो, की अंगातला शर्ट तिच्या खाटेजवळच्या खुंटीला अडकवत होतो. खिडकी बंद होती खरी, पण दारातून मीच ते सगळं आत आणत होतो.

हे गवत, कोणी त्याला काँग्रेस गवतही म्हणतात, आपल्याकडे प्रथम १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलं. तिथून ते देशभर पसरलं. एक झाड १०,००० ते २५,००० बी टाकतं आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. त्याच्या परागानं काहींना शिंका आणि दमा होतो. झाडाचा स्पर्श किंवा वाळलेल्या पानाफुलांचा भुगा लागून काहींच्या मानेला, हाताला, पापण्यांना खाज सुटते, चट्टे उठतात. डॉक्टर याला ॲलर्जी म्हणतात, आपण वावडं म्हणू. ते सगळ्यांनाच होतं असं नाही आणि प्रत्येक खोकल्याला गवतच कारण असतं असंही नाही. म्हणून घरघर लागली तर आधी डॉक्टर, मग बाकीचं.

घरात काय करता येईल? फार खर्चाचं काही नाही. रानातून आल्यावर कपडे बाहेरच बदलावेत, हातपाय, तोंड धुवावं, जमल्यास अंघोळच करावी. रानातले कपडे झोपायच्या खोलीत टांगू नयेत. अंथरुणं आणि धुतलेले कपडे फुललेल्या गवताजवळच्या तारेवर वाळत घालू नयेत. कोरडा झाडू मारून धूळ उडवण्यापेक्षा फरशी ओल्या फडक्यानं पुसावी. वारं सुटलं असेल, शेजारी मळणी चालू असेल, तेवढा वेळ वाऱ्याकडची खिडकी लावावी. मात्र चूल पेटलेली असताना स्वयंपाकघराची खिडकी लावू नये, नाहीतर बाहेरचं टाळायला जाऊन आतल्या धुरात माणूस कोंडेल. आणि डासांची जाळी बसवली म्हणजे भागलं, असं समजू नये. जाळीच्या भोकापेक्षा पराग कितीतरी बारीक असतो.

हे सगळं आम्ही केलं. मुलीला औषध चालू आहे आणि उतारही आहे. पण खिडकी लावून प्रश्न सुटत नाही, हे माझं मुख्य सांगणं आहे. माझी जागा मी साफ केली, शेजारची तशीच राहिली, तर वारा काय सात-बारा बघून थांबणार आहे?

म्हणून गवत फुलावर येण्यापूर्वीच उपटलं पाहिजे. पाऊस होऊन जमीन ओली असताना ते मुळासकट येतं. फुलं नसलेलं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात घालावं, चांगलं खत होतं. फुललेलं मात्र खड्ड्यात घालू नये, नाहीतर शेणखताबरोबर बी पुन्हा आपल्याच रानात. पड जागेवर पावसाळ्याच्या तोंडाला तरोट्याचं बी फेकावं, तो वाढून या गवताला दाबतो. मेक्सिकोतून आणलेले, हीच पानं खाणारे भुंगे आपल्या देशात १९८४ पासून सोडले जातात. पावसाळ्यात ते चांगलं काम करतात. पड जागेवर मिठाचं पाणी फवारण्याचा उपाय काही जण सांगतात. उसाच्या पट्ट्यात मी तो सांगणार नाही. आपल्या जमिनी आधीच क्षारपड होत चालल्या आहेत.

इथं माझी एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका पाणंदीवर मी बायाबापड्यांना उघड्या हातांनी हे गवत उपटायला लावलं होतं. त्यातल्या एका मावशींच्या हाताला आणि मानेला असे चट्टे उठले, की त्यांचे पुढचे पंधरा दिवस कामाविना गेले. मजुरी बुडाली ती त्यांची, सल्ला होता माझा. तेव्हा हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं असल्याशिवाय कोणी हात लावू नये. ज्याला आधीपासून दमा किंवा खाज आहे, त्यानं तिकडे जाऊच नये.

दुसरी गोष्ट पाचटाची. पाचट पेटवलं, की काजळी थेट माजघरात येते. धूर म्हणजे वावडं नव्हे, पण दमेकऱ्याची छाती त्यानं आणखी आवळते. तेच पाचट खोडव्यात सरीआड पसरलं, एक टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकलं, तर ओल टिकते, सेंद्रिय कर्ब वाढतो आणि तणही डोकं वर काढत नाही. म्हणजे एका काडीनं जे दोनदा बिघडतं, ती न ओढल्यानं दोनदा सुधारतं.

परवा एक सभासद म्हणाले, "सायेब, टनेजचं बोला की. गवताचं काय घेऊन बसलाय?" त्यांचं बरोबर आहे, टनेजवरच आपला संसार चालतो. पण ऊस तोडून, बिल घेऊन माणूस ज्या घरात निजायला जातो, तिथं त्याला धड श्वास घेता येऊ नये, तर ते बिल दवाखान्यातच जाणार ना?

दोष एकट्या सभासदांचा नाही. आमच्या गट कार्यालयांच्या कुंपणाला आणि वजनकाट्याच्या मागेही हे गवत आहे. आधी आम्ही आमचं आवार साफ करावं, गटनिहाय हातमोजे द्यावेत, आणि मग सभासदांना सांगावं. तशी लेखी मागणी मी शेती विभागातर्फे करत आहे. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह देशभर पाळला जातो. पण तोवर बरंच गवत फुललेलं असतं. आपण जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर सुरुवात करावी, नंतर दर तीन आठवड्यांनी फेरी मारावी.

प्रत्येकानं आपला बांध आणि घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढा परिसर सांभाळावा. पाणंद, पाटाची कड आणि शाळेचं आवार सगळ्यांनी मिळून. सहकार आपण ऊस गाळण्यासाठी केला. श्वासासाठी तो करायला वेगळी सोसायटी काढावी लागणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी