वर जाणें आणि खालीं उतरणें

जत्रेंतील फुगेवाल्याच्या हातीं दोरा तोडूं पाहणारा फुगा दिसला, कीं ‘असे पुष्कळ फुगे बांधले तर आपणही उडूं काय?’ हा प्रश्न कोणत्या मुलाच्या मनांत येत नाहीं? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तरही ‘होय’ असेंच आहे.

१ घनमीटर हेलियम वायु सुमारें १ किलोग्रॅम भार उचलतो. आमच्या परभणी जिल्ह्यांतील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत बांधली जाणारी कापसाची गांठ सुमारें १७० किलोग्रॅमची. ८ मीटर व्यासाचा एक फुगा ती सहज उचलील. मग मालमोटारी कशाला हव्यात? कारण गांठ नेमकी कोठें उतरेल, याचें वचन फुगा देत नाहीं. त्यास सुकाणूं नाहीं. वारा नेईल तिकडे तो जातो. हैदराबाद येथें टाटा मूलभूत संशोधन संस्था मोठ्या फुग्यांनीं शास्त्रीय उपकरणें ३० किलोमीटरांहून उंच पाठविते. पण त्यांस खालीं आणणारी छत्री आधींच जोडलेली असते.

२० एप्रिल २००८ रोजीं ब्राझील देशांतील फादर आदेलीर दे कार्ली हे सुमारें १,००० हेलियमचे फुगे बांधून आकाशांत गेले. मालमोटारी हांकणाऱ्यांसाठीं विसाव्याचें स्थान व्हावें म्हणून द्रव्य जमविणें, हा त्यांचा हेतु. वाऱ्यानें त्यांना समुद्रावर नेलें. आपलें ठिकाण दाखविणारें यंत्र कसें चालवावें, हें त्यांना वरून विचारावें लागलें. ते जिवंत परतले नाहींत.

उलट, २६ नोव्हेंबर २००५ रोजीं श्री. विजयपत सिंघानिया हे ६७ वर्षांचे असतां मुंबईहून निघून सुमारें २१ किलोमीटर उंच गेले व सिन्नरजवळ सुखरूप उतरले. त्यांचा फुगा तप्त हवेचा होता. परंतु खरा भेद वायूचा नव्हे, तयारीचा होता.

कोणी म्हणतील, अशा कथांनीं मुलांचें धैर्य खचेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. फादरांच्या धैर्यांत वा हेतूंत उणें नव्हतें; उणें होतें तें पूर्वतयारींत. हेतु कितीही थोर असला, तरी वारा त्यासाठीं आपली दिशा बदलीत नाहीं.

म्हणून पालकहो, मुलाच्या प्रश्नास वेडेपणा म्हणून झिडकारूं नका. त्याच्या हातीं तराजू व फूटपट्टी द्या, आणि मग विचारा : ‘बाळ, वर जाशील खरा, पण उतरशील कोठें, आणि कसा?’