आधी वही, मग यंत्र

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आज यूपीआयने पैसे चुकते होतात. २०१६ साली सुरू झालेल्या या सोयीचे आम्ही स्वागतच करतो. परंतु तेवढ्याने धंदा आधुनिक झाला, या भ्रमात आमच्या व्यापारी बांधवांनी राहू नये. १ जुलै २०१७ पासून जीएसटीची विवरणपत्रेही संगणकावरच भरावी लागतात. मात्र ज्याची खतावणीच गोंधळाची, त्याचा गोंधळ संगणक अधिक वेगाने वाढवतो. म्हणून प्रथम साठा व उधारी यांच्या नोंदी चोख कराव्यात. मग एकेक काम यंत्राकडे सोपवावे आणि जुन्या दिवाणजीला दूर न सारता त्यालाच ते शिकवावे. कोणत्या गिऱ्हाइकाची पत किती, हे तोच जाणतो. ही जाण गमावून घेतलेले यंत्र स्वस्तात मिळाले तरी महागच पडेल!