उपयोग काय?

परवा डोंबिवलीत एका साखरपुड्यात भाचीने जाहीर केलं, इंजिनिअरिंग नको, फिजिक्स करून दीर्घिकांचा अभ्यास करायचाय. झालं! "त्याचा उपयोग काय?" सगळे एका सुरात. मी तेव्हा जिलेबी खात गप्प बसलो, म्हणून आता इथे लिहितोय. (नातेवाईकहो, वाचताय ना?)

अहो, कल्याणहून माळशेज चढा, ओतूर, नारायणगाव, की आलंच खोडद. त्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तबकडी पत्र्याची नाही, तारेच्या जाळीची. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. डोकं गोविंद स्वरूप यांचं. इंजिनिअरिंगच की हे! आणि २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका-आयसरवाल्यांनी सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा दीर्घिकांचा सुपरक्लस्टर शोधला, नाव ठेवलं 'सरस्वती'. त्या हॉलमध्ये किती जणांना ठाऊक होतं? आपण ठाण्यातल्या फ्लॅटचे भाव बोलत होतो.

पैशाची काळजी खोटी नाही. पीएचडीत वर्षं जातात, स्टायपेंडवर भागवावं लागतं, हे तिला जरूर सांगा. पण नावडतं इंजिनिअरिंग मी केलंय. वीस वर्षं आठ चौदाच्या फास्टला लटकलो, तेव्हा उपयोग कोणी विचारला नाही.

येत्या विज्ञानदिनाला भाचीला खोडदला नेतोय. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत.