फ्लिक-आं-फ्लाक : सुटी कोणाची?

वार्षिक परीक्षा संपत आल्या की शाळेच्या फाटकाशी पालक आम्हांला हमखास विचारतात, "गुरुजी, यंदा आठवडाभर समुद्रावर जायचे आहे. फ्लिक-आं-फ्लाक कसे?" बेटावर राहणाऱ्यांना समुद्र नवा नाही, तरी हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. भाड्याच्या बंगल्यात वर्षभर साठविलेला पैसा जातो. शिवाय आजीजवळ बसून नातवंडांच्या कानांवर चार मराठी शब्द पडतात ते अशाच दिवसांत.

आमचे उत्तर असे : जरूर जावे, पण तीन गोष्टी पाहून.

पहिली गोष्ट पाण्याची. येथे पोवळ्यांचा कडा मोठ्या लाटांना बाहेरच अडवितो, म्हणून आतले पाणी उथळ व शांत असते. सुयाकच्या ग्री-ग्रीला असा कडा नाही. तेथे समुद्र पाहावा, पोहू नये. मात्र फ्लिक-आं-फ्लाकच्या तळाशीही तुटकी पोवळी व काटेरी उर्सें असतात. मुलांच्या पायांत रबरी बूट हवेतच. कड्यात जेथे खिंड असते तेथे पाणी बाहेर ओढते, हेही त्यांना आधीच समजावून सांगावे.

दुसरी गोष्ट हंगामाची. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेचा वारा पूर्व किनाऱ्यावर झोंबतो, तेव्हा पश्चिमेकडचा हा किनारा डोंगरांच्या आडोशाला असतो. म्हाताऱ्या माणसांना हिवाळी सुटीच बरी. नोव्हेंबर ते एप्रिल हे वादळाचे महिने. त्या काळात बंगला घेतल्यास, वादळाचा इशारा झाला तर आगाऊ रक्कम परत मिळेल काय, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

तिसरी गोष्ट जागेची. व्होल्मारच्या बाजूला मोठी हॉटेले आहेत, परंतु गावापाशी लांबलचक सार्वजनिक किनारा आहे आणि फिलाओच्या झाडांची सावली फुकट आहे. रविवारी मात्र साऱ्या बेटावरून पातेली, चटया आणि रावान घेऊन माणसे येतात. ज्यांना शांतता हवी त्यांनी सोमवार ते शुक्रवार निवडावा. तरुण मुले ग्रां-बेचा हट्ट धरतात. तेथे दुकाने व गंमत पुष्कळ. पण उपसागरात होड्या नांगरलेल्या असतात, पोहायला शेजारच्या पेरेबेरला जावे लागते.

चौथी गोष्ट आम्ही स्वतः चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही घरचे अकराजण तेथे राहिलो. डाळ-तांदूळ, पोळपाट-लाटणे, मोठे पातेले, सारे बरोबर नेले. सात दिवस आम्ही पोहलो, पत्ते खेळलो, दुपारी झोपलो. परत निघताना आई ओले टॉवेल घडी करीत म्हणाली, "तुमची सुटी झाली रे. मी समुद्र वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडून पाहिला." सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, तेच आम्हांला अधिक लागले. घराबाहेर पडलो होतो, पण स्वयंपाकघर मात्र आम्ही त्या दोघींच्या डोक्यावर तसेच ठेवले होते.

पुढल्या खेपेस आम्ही नियम केला. दुपारी गाडीवरची दालपुरी आणि गातो-पिमां. रात्रीचे जेवण पुरुषांनी व मोठ्या मुलांनी करायचे. भात दोनदा करपला. पण रोज सूर्यास्ताच्या वेळी आई नातीचा हात धरून गुडघाभर पाण्यात उभी असे आणि आपल्या लहानपणीच्या गोष्टी सांगे. त्यांतील कित्येक आम्हीही प्रथमच ऐकल्या.

म्हणून पालकहो, खोल्या किती आणि किनारा किती दूर हे जरूर विचारा. पण त्याआधी, रांधणार कोण आणि भांडी घासणार कोण, हे घरात ठरवा. ते ठरले असेल तर फ्लिक-आं-फ्लाक चांगले आहे. ठरले नसेल तर पैसे वाचवा आणि घरीच राहा. आईची निदान सामानाची बांधाबांध तरी वाचेल.